टोकियोच्या भारतीय दूतावासात नातीची जन्मनोंदणी: एका निवृत्त नोंदणी-कारकुनाचा अभिप्राय

सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत मी 31 वर्षं नोकरी केली. त्यातली 22 वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर गेली. नावातली एक वेलांटी चुकली म्हणून दहावीच्या फॉर्मच्या वेळी धावत आलेली मुलं, जन्माची तारीख नोंदलीच गेली नाही म्हणून पेन्शनसाठी कोर्टाची पायरी चढलेली म्हातारी माणसं, हे सगळं मी रोज पाहिलं आहे. म्हणून नातीच्या नोंदणीबद्दल लिहावंसं वाटलं. माझी लेक आणि जावई टोकियोत निशिकासाईला राहतात. 6 मार्च 2025 ला नात झाली. मी बाळंतपणाला 90 दिवसांच्या व्हिसावर गेले होते आणि या 90 दिवसांत नातीचा जन्म भारताच्या दूतावासात नोंदवून, तिचा पासपोर्ट डोळ्यांनी पाहून परत आले. परदेशात बाळंत होणाऱ्या आपल्या मुलींना आणि त्यांच्या मदतीला जाणाऱ्या आयांना उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी कायद्याचं सांगते, कारण तिथेच लोक गाफील राहतात. मीही राहिले असते. आई-बाप दोघं भारतीय म्हणजे मूल आपोआप भारतीय, असा माझा पक्का समज होता. जावयांनी नागरिकत्व कायदा, 1955 मधलं कलम 4 काढून माझ्यापुढे ठेवलं. परदेशात जन्मलेलं मूल 3 डिसेंबर 2004 ला किंवा त्यानंतर जन्मलेलं असेल, तर जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत त्याची नोंदणी झाली पाहिजे. वर्ष उलटून गेलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. आणि अर्ज करताना आई-बापांनी लिहून द्यायचं असतं की या मुलाकडे दुसऱ्या कुठल्या देशाचा पासपोर्ट नाही. म्हणजे आमच्या खिडकीवर नोंद ही झालेल्या गोष्टीची असायची. मूल जन्मलं, आम्ही ते लिहून घेतलं. इथे नोंद झाल्याशिवाय मूल भारताचं नागरिकच होत नाही. हा फरक मला कळला त्या रात्री मला झोप लागली नाही. जपानमध्ये नुसतं जन्मल्याने जपानी नागरिकत्व मिळत नाही, आई किंवा वडील जपानी असावे लागतात. तेव्हा आमची नात पाळण्यात हसत होती खरी, पण तिच्या नावावर कुठल्याच देशाचा कागद नव्हता.

आणखी एक गोष्ट त्याच कलमात वाचली. 10 डिसेंबर 1992 च्या आधी परदेशात जन्मलेल्या मुलाला नागरिकत्व फक्त बापाकडून मिळायचं. आई भारतीय आणि बाप परदेशी असेल तर मूल भारतीय नाही. लेकीने तिच्या ऑफिसातल्या एका जपानी बाईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, आमच्याकडेही तसंच होतं, आईकडून नागरिकत्व मिळायला लागलं ते 1985 पासून. दोन देश, दोन भाषा, आणि आईचं रक्त कागदावर मोजायला दोघांनाही इतकी वर्षं लागली. नऊ महिने पोटात वाढवणारी बाई कायद्याच्या नजरेत कोणीच नव्हती, हे वाचताना माझ्या पोटात तुटलं.

आता प्रत्यक्ष कामाकडे येते.

जपानमध्ये जन्माची वर्दी 14 दिवसांत वॉर्ड ऑफिसात द्यावी लागते आणि हे 14 दिवस जन्माच्या दिवसापासून धरतात. त्या फॉर्मवर बाळाचं नाव लिहायचं असतं. आपल्याकडे 21 दिवस मिळतात आणि नाव नंतर घातलं तरी चालतं, वर्षभर तर त्याला शुल्कही नसतं. त्यामुळे आपली माणसं नावाच्या बाबतीत निवांत असतात. इथे निवांत राहून चालत नाही. आमचं बारसं बाराव्या दिवशी, 17 मार्चला झालं. घरातल्या घरातच, लेकीच्या दोन मैत्रिणी आणि मी. पाळण्याऐवजी दुपट्याची झोळी केली, गोविंद घ्या गोपाळ घ्या झालं आणि कानात नाव सांगितलं: ज्ञानदा. दुसऱ्या दिवशी सकाळी जावई फॉर्म घेऊन वॉर्ड ऑफिसात हजर. मुदत 19 तारखेपर्यंत होती आणि 20 ला सुट्टी. ज्यांच्या घरात अजून नावावरून चर्चा चालली असेल त्यांनी हा हिशोब आधीच करून ठेवावा.

तो फॉर्म पाहून मला फार बरं वाटलं. एकच आडवा मोठा कागद. उजव्या अर्ध्या भागात डॉक्टरांनी जन्माचा दाखला भरलेला, डाव्या अर्ध्या भागात आई-बापांनी वर्दी भरायची. दवाखान्याचा कागद एकीकडे आणि घरच्यांचा दुसरीकडे, असं होतच नाही. आमच्याकडे या दोन कागदांत मेळ नसल्यामुळे किती माणसांना मी परत पाठवलं आहे.

नावाचा मात्र प्रश्न आला, आणि तो या सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. जपानी फॉर्मवर परदेशी बाळाचं नाव त्यांच्या काताकाना लिपीत लिहायचं. त्या लिपीत आपलं ज्ञ कसं येणार? जावई जपानी वाचतात-लिहितात. त्यांनी खूप विचार करून लिहिलं ते परत वाचून दाखवलं तर 'दोन्यानादा' असं ऐकू आलं. मी म्हटलं, चालेल, निदान द आणि न तरी आहेत. खरा प्रश्न रोमन अक्षरांचा होता, कारण पासपोर्टवर तीच येणार. मराठी माणूस ज्ञानदा लिहिताना डी, एन, वाय अशी सुरुवात करतो. हिंदी बोलणारा माणूस तेच नाव ग्यानदा म्हणून जी, वाय ने लिहितो. वॉर्ड ऑफिसातल्या मुलीने रोमन नाव शेजारी लिहून द्यायला सांगितलं, तेव्हा जावयांनी घरी फोन केला. "आई, शेवटचं विचारतो, डी-एन-वायच ना?" मी म्हटलं, "रोहितराव, डी, एन, वाय, ए, एन, ए, डी, ए. एकेक अक्षर बोट ठेवून लिहा आणि लिहून झालं की मला फोनवर परत वाचून दाखवा." त्यांनी वाचून दाखवलं.

मधल्या नावावरून आमच्यात एक संध्याकाळ गेली होती. माझा आग्रह होता की वडिलांचं नाव मध्ये हवंच. लेक म्हणाली, "आई, महाराष्ट्रात आता आईचं नाव आधी आणि वडिलांचं नंतर असं झालंय, मग माझं कुठे गेलं?" तिचं बरोबर होतं. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांसाठी राज्य सरकारने तसाच क्रम ठरवला आहे. पण जपानी फॉर्मवर आडनाव आणि नाव अशा दोनच जागा आहेत. मधली नावं घातली तर ती नावातच जोडून येतात आणि मग प्रत्येक कागदावर कुठे एक शब्द, कुठे दोन, कुठे तीन, असा घोळ सुरू होतो. शेवटी मीच माघार घेतली. नाव ज्ञानदा, पुढे आडनाव. आई आणि वडील या दोघांच्या नावांना जन्माच्या दाखल्यात आणि पासपोर्टमध्ये स्वतंत्र जागा आहेतच, तिथे दोघंही पूर्ण नावानिशी बसले. लेकीने लग्नानंतर नाव बदललेलं नाही, त्यामुळे विवाहाचा दाखला सोबत ठेवला. पुढे शाळेत नाव कसं लागायचं ते तेव्हा बघता येईल, परदेशात असताना कागदावर नाव जितकं सुटसुटीत तितकं बरं, असं माझं आता मत झालं आहे.

वर्दी दिली की वॉर्ड ऑफिस ती मिळाल्याचा दाखला देतं. त्याला ज्युरी-शोमेइशो म्हणतात आणि 350 येन पडतात. फॉर्ममधला सगळा तपशील असलेला दुसरा दाखलाही तेवढ्यालाच मिळतो. आम्ही दोन्ही काढले, आणि प्रत्येकाच्या दोन प्रती. इथे एक गोष्ट कळली ती मी प्रत्येकाला सांगत असते. जपानी माणसाचा जन्म त्यांच्या कुटुंबनोंदवहीत चढतो आणि तिथे कायम राहतो. परदेशी माणसांना ती वहीच नाही. त्यांच्या बाळाच्या वर्दीचा कागद ऑफिसात 10 वर्षं जपून ठेवतात आणि मग तो जातो. माझ्या नगरपालिकेतल्या कपाटात शंभर वर्षांपूर्वीच्या मोडी लिपीतल्या वह्या होत्या. पाऊस लागू नये म्हणून आम्ही त्या मेणकापडात बांधायचो. त्यामुळे 10 वर्षं ऐकून मी हबकलेच. ज्ञानदा पाचवीत गेली की ज्या गावात ती जन्मली त्या गावाकडे तिच्या जन्माचा कागद नसेल. मग कायमची नोंद कुठे? दूतावासात. म्हणून तिथला दाखला हा नुसता पासपोर्टसाठी लागणारा एक कागद समजू नका.

30 दिवसांच्या आत बाळाच्या राहण्याच्या परवान्याचा अर्जही इमिग्रेशनला करावा लागतो. जन्मानंतर 60 दिवस बाळ परवान्याशिवाय राहू शकतं, त्यापुढे नाही. पासपोर्ट अजून आलेला नसला तरी अर्ज घेतात, आमचा घेतला. शिनागावाहून बसने जायचं, शुल्क काही नाही. एवढंच लक्षात ठेवा की त्या परवान्याच्या कार्डावरही नाव रोमन अक्षरांत येतं, म्हणजे स्पेलिंग त्याच्या आधी पक्कं झालेलं हवं. बालभत्त्याचा अर्ज 15 दिवसांत करायचा असतो, तो जावयांनी वर्दीच्या दिवशीच उरकला.

आता ज्या चुकीमुळे माझा जीव घाबरा झाला ती सांगते. लेक बाळंतीण, जावयांना ऑफिस, मला इंग्रजी फॉर्म भरायचा सराव नाही. म्हणून ओळखीतल्या एकाने सुचवलेल्या माणसाला काम द्यायचं ठरलं. असे फॉर्म भरून देणारी माणसं सगळीकडेच असतात. त्याने फोनवर सगळी माहिती घेतली, कागदांचे फोटो मागवले आणि 15 हजार येन सांगितले. दोन दिवसांनी त्याने भरलेला फॉर्म पाठवला आणि म्हणाला, आजच सही करून टाका, मी पुढे पाठवतो. लेक सही करायच्या बेतात होती. मी म्हटलं, थांब, मला आधी वाचू दे. बाळाचं नाव जी, वाय ने लिहिलेलं होतं. वॉर्ड ऑफिसच्या कागदावर एक नाव आणि भारताच्या नोंदीत दुसरंच. त्याला फोन केला तर म्हणाला, "बरोबर स्पेलिंग तेच आहे हो, तुमचंच चुकलंय." आणखी खाली वाचलं तर जन्माचं वर्ष 2024 पडलेलं. जपानी दाखल्यावर वर्ष त्यांच्या सम्राटाच्या काळाप्रमाणे असतं, आमच्या कागदावर रेइवा 7 होतं. रेइवाचं पहिलं वर्ष 2019, म्हणून आकड्यात 2018 मिळवायचे की आपलं वर्ष येतं. सात आणि 2018, झाले 2025. त्याने कुठेतरी एक कमी धरला होता. म्हणजे माझी नात भारताच्या नोंदीत एक वर्षाने मोठी आणि नाव निराळं असलेली मुलगी झाली असती. हे दुरुस्त करायला पुढे किती वर्षं गेली असती ते मला चांगलं माहीत आहे, कारण अशी माणसं माझ्या खिडकीसमोर उभी राहिलेली मी पाहिली आहेत. त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. आम्ही ते काम काढून घेतलं. आगाऊ दिलेले पैसे परत मिळाले नाहीत.

मग फॉर्म आम्हीच भरला. गृह मंत्रालयाच्या नागरिकत्वाच्या संकेतस्थळावर कलम 4(1) खालच्या नोंदणीचा फॉर्म असतो. 30 मार्चला गुढीपाडवा होता. बाल्कनीत छोटी गुढी उभारली होती, कडुलिंब आणि आंब्याची डहाळी मिळाली नाही म्हणून कापडी तोरण लावलं. संध्याकाळी बाळ झोपल्यावर जावई लॅपटॉप घेऊन बसले आणि मी शेजारी सगळे कागद मांडून. आम्ही आमच्या नगरपालिकेत जशी मेळवणी करायचो तशीच केली. मी कागद वाचायचा, त्यांनी भरायचं, मग त्यांनी स्क्रीनवरचं वाचायचं आणि मी कागदावर टिंब करायचं. आईचं नाव पासपोर्टप्रमाणे, वडिलांचं नाव पासपोर्टप्रमाणे, पासपोर्टचे नंबर, दिल्याची तारीख, जन्माचं ठिकाण, जन्माची वेळ. जपानी दाखल्याचं इंग्रजी भाषांतर जावयांनीच केलं आणि खाली भाषांतर करणाऱ्याचं नाव घालून सही केली. अडीच तास लागले. शेवटी फाइल नंबर आला तो मी माझ्या वहीत वेगळा लिहून घेतला आणि फॉर्मची छापील प्रत काढली.

पासपोर्टचा अर्ज वेगळा. त्यात बाळाचा फोटो, आई-बापांचं जोडपत्र आणि बाळाचा अंगठा. ज्या मुलाला सही करता येत नाही त्याचा अंगठा घेतात: मुलगा असेल तर डावा, मुलगी असेल तर उजवा. हा अंगठा घेणं हे माझं काम ठरलं, आणि खरं सांगते, तीन महिन्यांतला माझा सगळ्यात आवडता दिवस तो होता.

घरात शाईचं पॅड होतं, पण ते लाल. जपानमध्ये सहीच्या जागी नावाचा शिक्का मारतात, त्याला हांको म्हणतात, त्यासाठी ही लाल शाई घरोघरी असते. जावयांनी 100 येनच्या दुकानातून काळं पॅड आणलं. बाळ महिन्याचं, दोन्ही मुठी घट्ट. अंगठा तर आत दडलेला, वरून चार बोटांचं कुलूप. खिडकीवर मी हजारो अंगठे घेतले असतील. कष्टाने घट्टे पडलेल्या सुईणींचे, शेतातून तशाच आलेल्या बायांचे, ज्यांच्या रेषा झिजून गेल्या होत्या अशा म्हाताऱ्यांचे. पण इतका कोवळा कधीच नव्हता घेतला. बाळाला पाजून, ढेकर काढून, गाढ झोप लागू दिली. मग करंगळीकडून एकेक बोट उलगडलं, जसं केळीचं नवं पान सोडवतात तसं. तळहातात लोकर जमली होती ती ओल्या कापसाने पुसली, कोरडं केलं. पॅडवर बोट दाबलं नाही, माझ्या बोटाला शाई लावून ती तिच्या अंगठ्याला पुसटशी लावली. आधी कोऱ्या कागदावर दोनदा घेऊन पाहिला. पहिला नुसता ठिपका, दुसरा घसरला. तिसऱ्या वेळी फॉर्मच्या चौकटीत टेकवला आणि श्वास धरून उचलला. ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा ठसा, आणि त्यात रेषा! केसाहून बारीक, गोल फिरत गेलेल्या. भिंगातून पाहिल्यावर मध्यावरचं चक्रही दिसलं. लेक म्हणाली, "आई, तू रडतेस काय?" मी काही बोलले नाही. खोबरेल तेलाने तिचा अंगठा पुसला आणि मूठ परत मिटू दिली.

फोटो स्टुडिओत काढला. पांढऱ्या चादरीवर निजवून वरून घेतला, दोन्ही डोळे उघडे हवेत म्हणून पाऊण तास लागला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दूतावासात गेलो. निशिकासाईहून तोझाई लाइन पकडली की कुदानशिता स्टेशनला थेट उतरता येतं, गाडी बदलावी लागत नाही. बाळंतिणीला घेऊन जाणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे. स्टेशनमधून वर आलं की चिदोरिगाफुचीचा खंदक लागतो आणि त्याच्या काठाने साकुरा, म्हणजे चेरीची झाडं. झाडं नुसती फुलांनी लवलेली, पाण्यावर पाकळ्यांचा सडा, आणि त्या गर्दीतून आम्ही बाळाला कुंची घालून, त्यावर शाल गुंडाळून निघालो होतो. पुढे दूतावासाच्या इमारतीवर आपला तिरंगा दिसला. दीड महिना जपानी पाट्या बघून झाल्यावर दारावर देवनागरी अक्षरं वाचली तेव्हा मी क्षणभर तिथेच थांबले.

आतल्या खिडकीबद्दल मला मनापासून चांगलं लिहायचं आहे. मी या कामातली असल्यामुळे माझी नजर माणसाच्या हातांकडे जाते. काउंटरवरच्या बाईंनी आमचा गठ्ठा घेतला आणि घाई न करता एकेक कागद पालथा घालत पाहिला. मूळ पासपोर्ट हातात घेऊन आई-वडिलांची नावं छापील फॉर्मशी अक्षर अक्षर लावून पाहिली. मग त्यांनी जी गोष्ट केली ती आमच्या साहेबांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवली होती: नाव मोठ्याने वाचून दाखवलं. "डी, एन, वाय, ए, एन, ए, डी, ए. ठीक आहे?" लेक हो म्हणाली. त्यांनी विचारलं, "मराठी आहात का?" या स्पेलिंगवरून ओळखलं म्हणाल्या. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नसल्याचं आई-बापांचं लेखी तिथे नीट पाहिलं, दोघांच्या सह्या घेतल्या. पासपोर्टचा अर्जही आमच्यासोबत होता, तोही त्यांनी पाहून घेतला. एक झेरॉक्स पुसट आली होती, ती तेवढी बदलायला सांगितली. बाळ रडायला लागलं तेव्हा लेकीला बाजूला बसू दिलं आणि जावयांशी पुढचं बोलणं केलं. सगळं मिळून तासभर.

जन्मनोंदणीचा दाखला आणि पासपोर्ट 9 मेला हातात आले. माझं विमान 12 तारखेला होतं. दाखल्यावर बाळाचं नाव, जन्माचं ठिकाण टोकियो, तारीख, आईचं नाव, वडिलांचं नाव, सगळं मी बोट ठेवून वाचलं, मग पासपोर्ट घेऊन त्याच्याशी लावून पाहिलं. पासपोर्टवर राष्ट्रीयत्वाच्या जागी भारतीय लिहिलेलं आहे, शेजारी तिचा तो डोळे विस्फारलेला फोटो, आणि सहीच्या जागी तो ज्वारीच्या दाण्याएवढा अंगठा. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो, म्हणजे 2030 साली नवा काढताना ती स्वतः सही करायचा प्रयत्न करेल.

माझं एकच मागणं आहे. मराठीत, हिंदीत, तमिळमध्ये, म्हणजे ज्या भाषा बोलणारी माणसं तिथे राहतात त्या भाषांत एक पानाची माहिती असावी: एक वर्षाची मुदत, लागणारे कागद, आणि जपानी वर्ष इंग्रजीत कसं करायचं. इंग्रजीत सगळं आहे, पण बाळंतपणाला गेलेली आई ही बऱ्याचदा घरात रिकामा वेळ असलेली एकटीच असते. तिला तिच्या भाषेत वाचता आलं तर ती मागे लागून काम करून घेईल. निशिकासाईत लेकीच्या ओळखीत एक जोडपं आहे, त्यांचं बाळ चौदा महिन्यांचं झालं तरी नोंदणी झालेली नव्हती. भारतात जाऊ तेव्हा बघू म्हणत राहिले. आता केंद्र सरकारच्या परवानगीची वाट बघत आहेत, आणि बाळाच्या आजोबांना बरं नसताना बाळाला घेऊन भारतात जाता येत नाही. त्या बाळाची आई आमच्याकडे बसून रडली तेव्हा माझ्याकडे तिला सांगण्यासारखं काही नव्हतं.

ज्या घरात आई-वडिलांपैकी एक जपानी आहे त्यांचं थोडं वेगळं असतं. त्यांचं बाळ जन्मतः जपानी असतं. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नसल्याचं लेखी आई-बापांनी द्यायचं असल्यामुळे, आधी कुठला पासपोर्ट काढायचा हे दूतावासात विचारून मगच पाऊल उचलावं. शिवाय लहानपणी दोन्ही नागरिकत्वं राहिली तरी सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत दुसऱ्या देशाचं सोडलं नाही तर भारताचं जातं, हेही कलम 4 मध्येच लिहिलेलं आहे. अशा घरांनी हे कागद मुलाच्या हाती देताना त्याला सांगून ठेवावं.

निघायच्या आदल्या दिवशी मी सगळ्या कागदांच्या तीन फाइली केल्या. एक लेकीकडे, एक जावयांच्या ऑफिसच्या कपाटात, एक माझ्यासोबत आली. वॉर्ड ऑफिसच्या दाखल्याची मूळ प्रत माझ्या फाइलीत आहे, कारण 10 वर्षांनी ती तिथे मिळणार नाही. लेकीच्या शेजारी नागपूरची एक मुलगी राहते, तिला ऑगस्टमध्ये दिवस भरतील. मी रेइवाचा हिशोब, 14 दिवस, 30 दिवस, 60 दिवस आणि एक वर्ष, असं मोठ्या अक्षरात एका कागदावर लिहून तिच्या फ्रिजवर लावून आले. तिच्या सासूबाई बाळंतपणाला येणार आहेत. त्यांच्यासाठी काळ्या शाईचं पॅडही ठेवून आले.